फरशी पारखणाऱ्या प्रयागकाकू

मुनीरभाईंच्या दगडांच्या दुकानात शिरण्याआधी प्रयागकाकू चपला बाहेर काढून ठेवायच्या. दुकान कसलं, परभणीबाहेर रस्त्याकडेला पत्र्याची लांबलचक शेड होती ती. उभ्या करून ठेवलेल्या मोठमोठ्या लाद्या, त्यांच्यामधून बोळ आणि सगळीकडे दगड कापल्याची पांढरी भुकटी. तिथं शहाणी माणसं पायात बूट घालून जातात. काकू अनवाणी फिरायच्या. एखादा रंग डोळ्यांत भरला की त्याचा तुकडा जमिनीवर टाकायला सांगायच्या, त्यावर उभ्या राहायच्या आणि पायाची बोटं हळूहळू दाबत गप्प होऊन जायच्या.

"क्या बोलती फर्शी, बाई?" मुनीरभाई विचारायचे.

"थांबा की हो. आत्ताच तर वळख झाली."

मुनीरभाई मग आमच्याकडे बघून हात हवेत उडवायचे आणि चहा सांगायचे. काकू सोबत असल्या की गिऱ्हाईक लवकर हलत नाही, हे त्यांना पाठ होतं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण आमच्या कॉलनीतली बरीचशी घरं काकूंमुळेच त्यांच्या दुकानाची पायरी चढली होती.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. लग्न होऊन मी या कॉलनीत आले तेव्हा शेजारच्या कुंपणावरून एक ठेंगणी बाई डोकावली आणि नाव-गाव विचारायच्या आधीच म्हणाली, "तुमच्या न्हाणीतली फरशी लय निसरडी हाय बघ. जपून पाय टाकत जा." नवी नवरी म्हणून माझं झालेलं ते पहिलं स्वागत. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, मानवतला. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी कॉलनी अण्णा म्हणते, तिथल्याच एसटी स्टँडवर कंट्रोलर. दोघांनी नोकरीत असतानाच परभणीत घर बांधायला काढलं आणि वर्षानुवर्षं बांधतच राहिले. आधी दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग मुलगा संतोष मोठ्या वर्गात गेला तेव्हा त्याच्यासाठी खोली. दर वेळी फरशी वेगळी, कारण आधीची तशीच पुन्हा मिळायची नाही. पुढच्या खोलीत हिरवट कोटा, स्वयंपाकघरात शहाबादी, मधल्या बोळात ठिपक्यांची मोझॅक, न्हाणीपाशी खडबडीत काळा दगड. माझ्या सासूबाई त्या घराला गोधडी म्हणायच्या. काकूंना त्याचा राग नव्हता. "गोधडीत झोप बरी लागती," एवढंच त्या म्हणायच्या.

पण इतक्यांदा फरशी घ्यावी लागल्यामुळे दगड त्यांच्या अंगात भिनला. पुढे कॉलनीत कुणाचं स्वयंपाकघर निघालं, कुणाचा जिना झाला, की काकूंना बोलावणं यायचं. त्याही कधी नाही म्हणाल्या नाहीत. भाजी फोडणीला टाकलेली असली तर गॅस बंद करून निघायच्या, आणि अण्णा मागून हाक मारायचे, "परभणी, परभणी, परभणी! जेवायच्या टायमाला परत या!" स्टँडवरचा आवाज त्यांनी घरी आणला होता तो कायमचाच.

"कुदरती का कंपनी?" हा मुनीरभाईंचा सगळ्यांना पहिला प्रश्न असे. कुदरती म्हणजे खाणीतून निघालेला, जसा देवानं दिला तसा. कंपनी म्हणजे दगडाचा चुरा चिकटवून कारखान्यात ओतलेला. क्वार्ट्झ म्हणतात तो, किंवा तयार संगमरवर. हल्ली लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात आणि भांडतात. एक पक्ष म्हणतो कुदरतीला तोड नाही, दुसरा म्हणतो कंपनीला डाग नाही. काकूंचा कुठलाच पक्ष नव्हता. त्या गिऱ्हाइकालाच उलटतपासणीला घ्यायच्या. घरात भाकरी कोण थापतंय? तवा उतरवून ठेवता कुठं? पाणी नळाचं का बोअरचं? ठेचा मिक्सरमधून काढता का ओट्यावर बत्ता आपटता? आमच्या समोरचा एक नवरा-बायकोचा जोडा तर या प्रश्नांवरून दुकानातच भांडला होता, कारण तवा कुठं उतरवतात हे नवऱ्याला माहीतच नव्हतं.

काकूंच्या कापडी पिशवीत लिंबाची फोड, कागदाच्या पुडीत हळद, चिंचेचं पाणी आणि बोअरच्या पाण्याची बाटली असायची. दुकानातून दगडाचा तुकडा मागून आणायच्या आणि म्हणायच्या, "चार दिवस नांदवून बघते." मग तो तुकडा त्यांच्या घरी नांदायचा. त्यावर लिंबू पिळलं जायचं, गरम पातेलं टेकवलं जायचं, तेल सांडलं जायचं. सगळ्या छळातून जो टिकला तो पास. नापास झालेले तुकडे मुनीरभाईंना परत जायचे नाहीत, ते घरातच कामाला लागायचे. एक माठाखाली, एक तुळशीपाशी, एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. मुनीरभाई म्हणायचे, "बाईके घरमें मेरी पूरी दुकान है, बस बोर्ड नक्को लगाओ."

माझ्या ओट्याचंच सांगते. मला काळा कुळकुळीत ग्रॅनाइट हवा होता, आरशासारखा. काकूंनी वाद घातला नाही. काळ्या तुकड्यावर आमच्या बोअरचं पाणी शिंपडलं आणि तो माझ्या दारातल्या उन्हात ठेवून निघून गेल्या. दुपारी बघते तर पांढऱ्या पांढऱ्या चकत्या, जणू कुणी रांगोळीचा हात झटकलाय. "रोज एवढं पुसायची हौस आसंल तर घे बाई," काकू कुंपणावरून म्हणाल्या. मी मुकाट्यानं तपकिरी ठिपक्यांचा घेतला. आज त्या ओट्यावर किती पाणी सुकलं असेल, कुणाला दिसत नाही.

सुनंदा नावाची नर्स आमच्या गल्लीत एकटीच्या जोरावर दोन मुली वाढवते. तिला कुणीतरी सांगितलं होतं की खरा दगड तो कुदरतीच, बाकी सगळं नकली. काकू तिला म्हणाल्या, "दगडालाबी सेवा लागती. सांडलं की पुस, डाग मुरू नये म्हणून मधूनमधून रसायन पाज. तुला येळ हाय का? तू दवाखान्यातून येतीस ते पाठ टेकायला. कंपनीचा घे अन् त्याच्यावर गरम तवा ठेवू नको, बास." सुनंदाचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतके दिवस तिला वाटत होतं की क्वार्ट्झ घेणं म्हणजे आपण गृहिणी म्हणून कमी पडलो.

आणि वकीलसाहेबांची गोष्ट तर कॉलनीत अजून निघते. त्यांनी दिवाणखान्यात पांढरा शुभ्र संगमरवर घातला, अस्सल कुदरती. काकूंनी एकच अट सांगितली होती, या फरशीवर हळद आणू नका. पुढे त्यांच्या मुलीचं लग्न निघालं ऐन मे महिन्यात. अंगणात मांडव होता, पण ऊन असं की पाटावर बसवेना. दिवाणखान्यात एसी होता. मग काय, करवल्यांनी नवरीला आत ओढलं आणि हळदीचा धुमाकूळ तिथंच झाला. लग्न लागलं, मुलगी गेली, आणि फरशीच्या मधोमध पिवळा ढग राहिला. कशानं जाईना. वकीलसाहेब डोक्याला हात लावून बसले. काकूंना बोलावलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता ऐकवतील. काकू त्या डागाशेजारी खाली बसल्या, त्यावर हात फिरवला आणि वकिलीणबाईंना म्हणाल्या, "पॉलिशवाल्याला बोलावला तर निघंल. पण मी म्हणते, कशाला? पोरगी सासरी गेली तरी तिची हळद हाय की घरात." वकिलीणबाई पदर तोंडाला लावून रडल्या. तो डाग त्यांनी आजतागायत काढू दिलेला नाही.

अशी ही बाई. दगड चुकत नसे. आणि जो एकदा चुकला तो स्वतःच्या घरात.

अण्णांना काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धूसर होत गेलं. पण घरात ते इतके बिनघोर वावरायचे की त्यांना किती कमी दिसतंय हे आम्हा शेजाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे, काकूंनाही द्यायचे. पुण्यात संतोषनं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, आता आहे ते हळूहळू जाणार. घरात उंबरे ठेवू नका, उंचसखल ठेवू नका, सगळीकडे एक पातळी करा, ठेच लागता कामा नये. सल्ला अगदी बरोबर होता.

संतोष गुणी मुलगा. त्यानं आई-वडिलांना पुण्यात ठेवून घेतलं आणि इकडे घराची फरशी बदलायला घेतली. दगड मात्र आईनंच निवडला. पुण्यातल्या चकचकीत दुकानात काकू अनवाणी फिरल्या, कंपनीच्या सायरंगी संगमरवराचा तुकडा घरी आणून नांदवला. लिंबू, हळद, चिंच, तेल, सगळ्यातून पास. पाणी सांडून स्वतः त्यावर चालून बघितलं, निसरडा नाही. आयुष्यात एवढी कसून त्यांनी दुसरी फरशी पारखली नसेल. ती घरभर एकसारखी बसली, पुढच्या दारापासून मोरीपर्यंत, जोड शोधूनही सापडू नये अशी. आम्ही सगळे बघायला गेलो. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, गोधडीची पैठणी झाली.

अण्णा रिक्षातून उतरून आत आले. चार पावलं चालले आणि उभे राहिले.

"प्रयाग, मी कुठं हाय गं?"

"घरी आलोत की आपण."

"घरी आलो ते कळतंय. घरात कुठं हाय?"

आम्ही हसलो. अण्णांना थट्टेची सवय, आम्हाला वाटलं तसलंच काहीतरी. काकू हसल्या नाहीत. त्या अण्णांच्या पायांकडे बघत होत्या. अण्णांचा उजवा पाय पुढची फरशी चाचपत होता, मागे येत होता, पुन्हा चाचपत होता.

त्या दिवसानंतर अण्णा खुर्चीत बसले ते बसलेच. न्हाणीत जायचं तरी हाक मारायचे, आणि हाक मारायची लाज वाटायची म्हणून पाणीच कमी प्यायला लागले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण घरातून आवाज येईना. संतोष फोनवर म्हणाला, आई, तुला एकटीला हे जमणार नाही, दिवाळी झाली की दोघंही कायमचे पुण्याला या. अण्णा त्यावर एकच वाक्य बोलले, "तिथं तर मला दारबी ठाऊक न्हाई." काकू दुपारी आमच्याकडे आल्या, माझ्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि एकाएकी रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

"डोळे कवाच गेले होते गं त्यांचे," त्या म्हणाल्या. "घर पायानं बघत होते. गार लागलं की सैपाकघर, खरखर लागलं की न्हाणी. त्यांनी मला सांगितलं न्हाई, अन् माझ्या ध्यानात आलं न्हाई. सगळ्यांच्या घरी इचारत फिरले, कोण राहतंय, कोण चालतंय. अन् सोताच्या घरी दगडाला हळद लावत बसले. ह्यांचा पाय लावून बघायचा राहिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि अण्णांना रिक्षात बसवून मुनीरभाईंकडे नेलं. अण्णांच्या चपला काढून आपल्या चपलांशेजारी ठेवल्या. मुनीरभाई नेहमीसारखे विचारायला आले, कुदरती का कंपनी. काकू म्हणाल्या, "आज माझं काई न्हाई. आज ह्यांचं." आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या. एकाही दगडाला त्यांनी त्या दिवशी पाय लावला नाही. हे त्यांना किती जड गेलं असेल ते मी शेजारी बसून बघत होते, त्यांच्या पायाची बोटं दगडावाचून नुसती वळवळत होती.

मुनीरभाईंनी स्वतः अण्णांचा हात धरला. एकेक तुकडा जमिनीवर टाकायचा, अण्णांनी उभं राहायचं. पहिले काही नुसतेच गेले. मग शहाबादीचा न घासलेला तुकडा आला, आणि अण्णा त्यावरून उतरेनात.

"हे मानवत," ते म्हणाले.

"क्या?"

"मानवत हो. आमचं स्टँड. इथून गाडी सुटती." आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. "हे सैपाकघराच्या दाराला लावा. माझा दिवस तिथंच चालू होतो."

मग काय, मुनीरभाईंनाही चेव आला. आगीनं खरखरीत केलेला ग्रॅनाइट आणला, चामड्यासारखा मऊ-खडबडीत आणला, नदीतल्या गोट्यासारखा लाटालाटांचा आणला. अण्णा गावं वाटत सुटले. लाटांच्या दगडावर दोन्ही पाय ठेवून म्हणाले, "हा देवगाव फाटा. हा बोळात मधोमध पाहिजे. इथून एक वाट न्हाणीकडं, एक पुढच्या खोलीत. फाट्यावर माणूस चुकला की गेला." पुढची खोली मात्र आहे तशीच सपाट ठेवा म्हणाले. "परभणी आली की कळतंय मला. पंख्याचा वारा लागतो."

संतोषला कळलं तेव्हा तो चिडला. चिडणारच, रजा काढून, राबून त्यानं ते घर केलं होतं. "आई, एवढी सुंदर फरशी फोडायची?"

"फोडायची," काकू म्हणाल्या. "तू चांगलीच केलीस रे. चूक माझी हाय, तर निस्तरू दे मला."

मिस्त्रीनं पट्टे कापले आणि पातळी तीच ठेवून तेवढ्या जागी दुसरे दगड बसवले, ठेच कुठंच नाही. सायरंगी फरशीत मध्येच काळं, मध्येच करडं, मध्येच पिवळट. आलागेला माणूस आधी फरशीकडे आणि मग काकूंकडे बघायचा. दगडाची एवढी पारखी बाई आणि घराची ही दशा! काकू कुणाला काही समजावत बसल्या नाहीत. घरातून पुन्हा आवाज यायला लागला होता, तेवढं त्यांना पुरे होतं. सकाळी कुंपणाशी उभं राहिलं की ऐकू यायचं, "देवगाव फाटा! न्हाणीवाले उतरून घ्या!" आणि मागोमाग काकूंचं खिदळणं.

पुण्याचा विषय त्या दिवाळीनंतर निघाला नाही. अण्णा आजही त्याच घरात राहतात, संतोष येऊन-जाऊन असतो, सुनंदा दवाखान्यातून येताना डोकावते. काकू नाहीत. छातीचं दुखणं झालं, दवाखान्यातून घरी आल्या, आणि थोड्याच दिवसांनी गेल्या. मी तेव्हा माहेरी होते. त्यामुळे त्याआधी त्यांना बघायला गेले तीच माझी शेवटची भेट.

पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले, पुढे स्टुलावर पसरून ठेवलेले. मी बसले तशी आतून अण्णांची हाक आली, "चहा मी करायलोय, कुणी उठायचं न्हाई." बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग अण्णा स्वयंपाकघराच्या दारात दिसले, हातात कप-बशी. दारातल्या दगडावर क्षणभर थांबले, बोळात आले, लाटांवर पाय पडला तसे वळले. तिथून काकूंच्या खुर्चीपर्यंत सगळी सपाट फरशी, तिथं खूण नव्हती. बशीत कप किणकिणत होता. मी उठायला लागले. काकूंनी माझं मनगट पकडलं. आजारी बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं मला. मग त्यांनी आपले सुजलेले पाय एकेक करून, ओठ दाबून, आवाज न करता स्टुलावरून खाली घेतले, पायानंच स्टूल बाजूला सारलं आणि हातातल्या बांगड्या एकदा हलवल्या. अण्णांनी त्या दिशेला तोंड वळवलं, सरळ चालत आले आणि कप त्यांच्या पुढे केलेल्या हातात ठेवला. परत आत गेले आणि तसाच माझाही कप घेऊन आले.

मी घोट घेतला. चहा खारट लागला, अण्णांनी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं, आणि कप तोंडाला लावून, शेवटच्या घोटापर्यंत सगळा चहा पिऊन अण्णांना म्हणाल्या, "आणखी हाय का?"